चाळीस घोडे आणि एक चप्पल

“मालनसुद्धा गेली पुढे,” आई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

फियाटच्या मागच्या सीटवर दोन बायका, मध्ये नारळांची पिशवी आणि मांडीवर फणसपोळीचा डबा अशी बैठक असली की सासूबाईंना पुटपुटायला माझ्या कानाशिवाय दुसरी जागाच उरत नाही. मालन म्हणजे आमच्या आळीत मासे घेऊन येते ती. तिची स्कूटर, स्कूटरवर मागे बर्फाचा खोका, खोक्यावर तराजू, तराजूवर घडी केलेला रेनकोट. एवढा संसार घेऊन ती भाट्याचा किनारा संपल्यावरच्या चढावर आमच्या डावीकडून, हो, डावीकडून, वर निघून गेली. जाताना तिने हात केला. तो नमस्कार होता की धीर दिला, हे मला अजून समजलेलं नाही.

आम्ही पावसला नातेवाइकांकडे निघालो होतो. गाडी चालवत होते माझे सासरे, आप्पा, कागदोपत्री हरिश्चंद्र. बंदर खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले, पण फियाटचं स्टिअरिंग हातात आलं की कप्तान होतात. शेजारी माझे यजमान, सुहास. ते गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत उजवा हात हँडब्रेकवर ठेवून बसतात. आमच्या गाडीचा हँडब्रेक डॅशबोर्डखाली असतो, छत्रीच्या मुठीसारखा. विचारलं तर म्हणतात, हात ठेवायला बरं पडतं.

“गाडी आज जरा जड वाटते,” आप्पा म्हणाले.

यावर सुहासने आरशातून माझ्याकडे पाहिलं. आईंनी आरशाबिरशाच्या भानगडीत न पडता थेट पाहिलं. मी डबा मांडीवरून उचलून हातात धरला, जणू त्यामुळे गाडीवरचा भार कमी होणार होता.

चढ संपायला थोडासाच उरला असताना गाडीने एक उसासा टाकला आणि ती बंद पडली. मग हळूच मागे निघाली. सुहासने छत्रीची मूठ खेचली. मागच्या रिक्षावाल्याने उतरून रस्त्याकडेचा दगड आमच्या चाकामागे लावला, आत वाकून आप्पांकडे पाहिलं, मग सुहासकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता परत जाऊन बसला. रत्नागिरीचा रिक्षावाला आणि गप्प! मला त्याच वेळी समजायला हवं होतं.

खरं सांगायचं तर समजलं होतं. समजलं म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

आप्पांना साखरेचा त्रास जुना. गेल्या पावसाळ्यापासून त्यांची उजव्या पायातली चप्पल वाटेत राहते. म्हणजे ते ओट्यावरून निघतात, फाटकापर्यंत पोचतात, आणि उजवी चप्पल तुळशीपाशी असते. त्यांना पत्ता नसतो. आई मागून जातात, चप्पल उचलतात, त्यांच्या पायापाशी ठेवतात आणि आभाळाकडे बघत म्हणतात, “आज उकडतंय.” आप्पा चप्पल घालतात आणि म्हणतात, “हो.” डॉक्टरांनी साखरेबरोबर पायाचंही काहीतरी सांगितलं होतं. आम्ही घरी येईपर्यंत फक्त साखरेचं लक्षात ठेवलं.

सांगणार कोण? दर मार्गशीर्षात पूर्णगडाच्या अलीकडे आमच्या मूळ गावी, रवळनाथाला, आप्पा स्वतः गाडी चालवत नारळ घेऊन जातात. सुहास शाळेत होते तेव्हापासूनचा हा रिवाज. “ज्या दिवशी मला दुसऱ्याच्या गाडीत बसून देवाला जावं लागेल,” असं ते दरवर्षी म्हणतात, “त्या दिवशी देवानेच घरी यावं.” देव येणार नाही हे उघड होतं. आणि मार्गशीर्ष तोंडावर आला होता. त्या चढावर गाडी मागे येऊन कुणाच्या अंगावर गेली तर काय, हा प्रश्न आमच्या घरात रोज रात्री जेवणाच्या पानापर्यंत यायचा आणि ताकाबरोबर पोटात जायचा.

तेव्हा आम्ही गाडीवर बोलू लागलो.

संध्याकाळी ओट्यावर सभा भरली. पेट्रोलात हल्ली काय काय मिसळतात, इथपासून सुरुवात झाली. खाऱ्या हवेने पत्रा जाड होतो, असा एक नवीन शोध लागला. शेजारच्या हर्षदने नवी लाल गाडी घेतली होती. हर्षद बँकेत आहे आणि गाडीबद्दल बोलताना बँकेतल्यापेक्षा जास्त आदराने बोलतो.

“आजोबा, माझ्या गाडीत टर्बो आहे ना, म्हणून चढ कळतच नाही.”

“टर्बो म्हणजे काय रे?”

“म्हणजे इंजिनात हवा जास्त कोंबतात.”

“म्हणजे हवेवर चालते,” आप्पा म्हणाले. “मी तेच म्हणत होतो. पत्र्याचा डबा आणि आत हवा. आमची फियाट बघ. टिचकी मार. मार टिचकी.”

हर्षदने टिचकी मारली. आरसा हातात आला. तो त्याने मागे लपवला आणि “लोखंड आहे हो, लोखंड” असं म्हणत घरी गेला. रात्री त्याच्या आईने आरसा वर्तमानपत्रात गुंडाळून मला परत दिला, आपल्याकडे वाटीभर आमटी परत करतात तसा.

मेकॅनिकने गाडी दोन वेळा फिरवून आणली. “इंजिन ठणठणीत आहे,” तो म्हणाला. मग त्याने आप्पांकडे पाहिलं, सुहासकडे पाहिलं. हे आप्पांकडे-मग-सुहासकडे बघणं मला आता पाठ झालं होतं. “पण बघतो,” तो म्हणाला, “साफबीफ करून देतो.”

इथे मी पुढे सरसावले. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. त्यानंतर जे शिकले ते भाजी शिजेपर्यंत मोबाइलवर बघून. तसंच मी एकदा नळ दुरुस्त करायला शिकले होते. त्या नळाखाली अजून बादली आहे, पण तो विषय वेगळा. आठवडाभर मी गाड्यांचे व्हिडिओ पाहिले. जुन्या गाड्या, नव्या गाड्या, गाड्यांवर ओरडणारे तरुण, गाड्यांना हात लावून रडणारे म्हातारे. आणि मला एक भागाकार सापडला.

“आप्पा,” मी म्हटलं, “गाडीत घोडे किती, याला अर्थ नाही. एका घोड्याच्या पाठीवर वजन किती, ते बघायचं. छोट्या शेगडीवर मोठा टोप ठेवला तर पाणी उकळायला वेळ लागतो ना, तसं. आपल्या फियाटचे घोडे चाळीसच्या आसपास. वजन नऊशे किलोच्या आसपास.”

“आणि ह्या हर्षदच्या डब्याचं?”

“वजन जवळजवळ तेवढंच. घोडे दुप्पट.”

आप्पांनी कुंपणापलीकडच्या लाल गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “दुप्पट घोडे ठेवतात कुठे? बॉनेट तर एवढंसं.”

“लहान इंजिनातून जास्त काम काढतात हल्ली.”

“म्हणजे बारके घोडे. आमचे मोठे होते.”

मी मान डोलावली. मोठे तर मोठे. पुढचं गणित मी त्यांना फुलवून सांगितलं. नुसती गाडी धरली तर आपल्या एका घोड्यावर बावीस-तेवीस किलो, हर्षदच्या घोड्यावर निम्मं. त्यात चार माणसं बसली की हर्षदच्या घोड्यांना पत्ता लागत नाही, आपल्या घोड्यांचं कंबरडं मोडतं. सपाट रस्त्यावर गाडी एकदा धावायला लागली की चालून जातं, चढावर मात्र किलोन् किलो खाली खेचतो. तेव्हा दोष इंजिनाचा नाही, चालवणाऱ्याचा तर नाहीच नाही. दोष वजनाचा.

आप्पांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग आई आतून, कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, “हेच घोडे सुहासच्या लग्नात सहा माणसं आणि वर रुखवत घेऊन ह्याच चढाने गेले होते.”

“तेव्हा घोडे तरुण होते,” मी घाईने म्हटलं.

आईंची कोथिंबीर तेवढी सुरू राहिली. मी दिवा लावायच्या निमित्ताने उठले. दिवेलागणीला अजून बराच वेळ होता.

आता नेमकं वजन हवं. ते गाडीच्या पुस्तकात असतं, पण आमच्या पुस्तकाची ती दोन पानं दमट हवेने एकमेकांना अशी चिकटली आहेत की ती सोडवायची तर दोन्ही जातील. एका कार्यालयात गेले. नाव सांगत नाही. तिथल्या बाईंनी सांगितलं, ऑनलाइन बघा. ऑनलाइन बघितलं, तर गाडीचं साल निवडायच्या यादीत आमचं सालच नव्हतं. परत गेले. “मग तुमची गाडी सिस्टीममध्ये नाही,” बाई म्हणाल्या. “अहो, पण ती बाहेर उभी आहे,” मी म्हटलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं. फियाट होती. आप्पा तिच्या टपावर हात ठेवून उभे होते. “हो,” त्या म्हणाल्या, “पण इथे नाही.”

तेव्हा आम्ही मिरकरवाड्याला गेलो, ट्रक तोलायच्या काट्यावर.

सकाळची वेळ, बंदरावर लिलाव चालू, आणि मासळीच्या दोन ट्रकांच्या मधे आमची फियाट रांगेत. काट्यावर लवू नावाचा माणूस केबिनमध्ये बसतो आणि बाहेरच्या कर्ण्यातून बोलतो, म्हणजे ट्रकवाल्यांना ऐकू जावं. आमची गाडी काट्यावर चढली.

“माल काय?” कर्णा म्हणाला.

“माल नाही,” आप्पा खिडकीतून म्हणाले. “गाडी आहे.”

“काका, माल घातल्याबिगर पावती येत नाय. बर्फ लिवू?”

“लिही बर्फ.”

“बर्फ लिवला तर फॅक्टरीचा नंबर मागतोय.”

“मग मासळी.”

“बोटीचं नाव मागतोय. जांभा लिवला तर खाणीचा परवाना.” कर्णा थोडा वेळ खरखरला. “भंगाराला कायपण मागत नाय, काका.”

बंदरावर मरणाची गडबड असते, पण काही वाक्यांना बरोबर शांतता सापडते. आप्पांनी काच वर केली. ती अर्ध्यावर अडकली.

पुढची फजिती माझी. एकेकाने उतरायचं आणि दर वेळी आकडा बघायचा, ही कल्पना माझीच. सुहास उतरले, आकडा हलला. आई उतरल्या, आकडा हलल्यासारखं वाटलं. मग मी उतरले. कर्णा गप्प झाला. लवू केबिनमधून बाहेर आला, काट्याखाली वाकून बघितलं, परत आत गेला आणि सगळ्या बंदराला म्हणाला, “नाय, काटा बरोबर हाय.”

“वैनी,” लिलावाच्या घोळक्यातून मालनचा आवाज आला. ती तिथे असणारच. “सुरमयपेक्षा भारी भरलात गो!”

लाजेचेही प्रकार असतात. ही त्यातली सोपी. चार दिवस रात्री पोळीऐवजी काकडी खाल्ली की उतरते. आप्पांनी ती पावती घडी घालून खिशात ठेवली. फाटकाशी उतरताना म्हणाले, “त्याच्या कंप्युटरला काय कळतंय.” आणि ओट्यापर्यंत गेले. उजवी चप्पल गाडीपाशी होती. आई म्हणाल्या, “आज उकडतंय.”

मग वजन कमी करायचा सपाटा सुरू झाला. डिकीतून निघाल्या त्या वस्तू बघून ही गाडी इतकी वर्षं चालली कशी, असंच कुणीही म्हटलं असतं. गंजलेली दोरी, विळी, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या उरलेल्या फरश्या, आणि माझा लग्नातला स्टोव्ह, जो चोरीला गेला म्हणून मी मोलकरणीवर संशय घेतला होता. (तो स्टोव्ह मी कुणाला न दाखवता माळ्यावर टाकला.) जॅक काढला. हत्यारांची पेटी काढली. स्टेपनी काढली. आप्पा लहान मुलासारखे खूश. दर वस्तू निघाली की विचारायचे, “आता एका घोड्यावर किती?” आणि मी पाटीवर भागाकार करून सांगायचे. कमी, आप्पा. अजून कमी.

एकदा सकाळी डिकी उघडली तर कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला जांभ्या दगडाचा अर्धा चिरा. मी सुहासकडे पाहिलं.

“चाकामागे लावायला,” ते म्हणाले. “असू दे. राहील.”

म्हणजे मी चमचे मोजून वजन उतरवत होते आणि माझा नवरा दगड भरत होता. एवढं शहाणपण त्यांना सुचत होतं, पण बापाला एक वाक्य सांगायला सुचत नव्हतं. हे मी त्यांना म्हणणार होते. पण मग ते मला म्हणाले असते की पाटी तुझ्या हातात आहे.

ठरल्या दिवशी निघालो. हर्षद आपली लाल गाडी घेऊन मागे होता. “मलाही देवाला यायचंच होतं,” तो म्हणाला. हर्षदचा रवळनाथाशी संबंध काय, हे त्याला कुणी विचारलं नाही. नारळ आईंच्या मांडीवर. भाट्याचा चढ आम्ही पहिल्या गिअरमध्ये, मागे सात-आठ गाड्यांची वरात घेऊन, हॉर्नच्या गजरात चढलो.

“बघा,” आप्पा म्हणाले. “वजनाचाच प्रश्न होता.”

पावसच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. स्टेपनी घरी. आम्ही आंब्याखाली उभे राहिलो आणि स्टेपनी काढून वजन किती कमी झालं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यात हर्षदने आपली डिकी उघडली. आत आमची स्टेपनी आणि जॅक. सुहास झाडाकडे बघू लागले.

“म्हणजे आमचं वजन ह्याच्या घोड्यांवर,” आप्पा म्हणाले, आणि हसले. मनापासून हसले. मला ते हसणं आवडलं नाही. त्यात आम्हाला माफ केल्यासारखं काहीतरी होतं.

गावाचा शेवटचा चढ देवळापर्यंत जातो. अरुंद, दोन्हीकडे दगड रचलेला गडगा. खाली थांबून मी शेवटचा भागाकार केला. “आप्पा, आपण सगळे उतरतो. गाडी एकटी जाऊ दे. म्हणजे घोड्यांवर काही भारच नाही.”

सुहासने मुठीवरचा हात काढला नाही. “मी बसतो ना,” ते म्हणाले.

“तू उतर,” आप्पा म्हणाले. “रेणुकाने हिशेब केलाय.”

सुहास उतरले. हे वाक्य मी इथे दोनदा लिहून दोनदा खोडलं, पण ठेवते. सुहास उतरले, कारण मी हिशेब केला होता.

मी चिरा उचलून गाडीच्या मागोमाग चालू लागले. गाडी घरघरत अर्ध्यावर गेली. इंजिनाचा आवाज वाढतच नव्हता. शेगडी बारीक ठेवून कुणी पाणी उकळायची वाट बघावी, तसं. मग ती थांबली आणि मागे यायला लागली. माझ्याकडे.

“ब्रेक, आप्पा, ब्रेक!” सुहास ओरडले.

“लावलाय!” आतून आप्पा ओरडले. “लावलाय रे, लावलाय!”

आणि माझ्यासमोर, ब्रेक दाबला की लागणारे गाडीचे मागचे दोन लाल दिवे विझलेलेच होते.

माझ्या मागे आई उभ्या होत्या, नारळ पोटाशी धरून. गडग्याला टेकलेल्या, बाजूला सरायला जागा नव्हती. मी चिरा चाकामागे टाकला. टाकला म्हणजे माझ्या हातून पडला, पण बरोबर पडला. गाडी त्यावर चढल्यासारखी झाली, हिंदकळली आणि थांबली. बंपर माझ्या साडीच्या निऱ्यांना लागून उभा राहिला. सुहासने धावत जाऊन मूठ खेचली.

मग ते मागे येऊन दिव्यांवर वाकले.

“दिव्यांची वायर गेली असणार,” सुहास म्हणाले.

“हो, खाऱ्या हवेने जाते,” हर्षद म्हणाला.

“आणि ब्रेक ऑइल,” मी म्हटलं. मीच म्हटलं. बंपर निऱ्यांना लागलेला असताना.

आप्पा उतरले. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. “हर्षद,” ते म्हणाले, “तू जरा वर घे गाडी. रेणुकाला बसव, दमली ती. आम्ही दोघं चालत येतो.”

हर्षद बसला. शेजारी सुहास, मागे मी, पायाशी चिरा, बाजूला पंक्चर झालेलं चाक, कारण ते घाईत आमच्याच गाडीत टाकलं होतं. म्हणजे आप्पा एकटे असताना होता त्याहून कितीतरी जास्त भार. हर्षदने पाय दाबला आणि आमचे चाळीस म्हातारे घोडे असे निघाले की मी सीटवर मागे आपटले. एकदाही न अडखळता, न उसासता गाडी वर गेली. मी आयुष्यात कधी एवढी लाजले नव्हते. आपलं ओझं कुणी एवढ्या सहज उचलावं आणि आपल्याला उतरून पळून जावंसं वाटावं, असं ते होतं.

मागच्या काचेतून दिसलं. आप्पा आणि आई चढत होते. आप्पा पुढे. आई मध्येच वाकल्या, रस्त्यावरून काहीतरी उचललं आणि पदराखाली धरलं. या वेळी ते त्यांच्या पायाशी ठेवलं नाही.

वर पोचल्यावर हर्षदने ब्रेक लावला. आप्पा वर आले तेव्हा म्हणाले, “दिवे लागले की रे.”

“वायर हलली असेल,” सुहास म्हणाले.

“असेल,” आप्पा म्हणाले.

देवळात धाकू गुरव वाट बघत होता. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. गुरव नारळ हातात धरून आपली अडचण देवाला मोठ्याने सांगतो, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला हुंकार द्यायचा. हुंकार नाही दिला तर वाक्य देवापर्यंत जात नाही आणि नारळ फुटत नाही. चारपाच गावकरी होते, तेही मागे उभे राहिले.

“काय सांगूचा देवाला?” धाकूने विचारलं.

“गाडीचं सांग,” सुहास पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले. “चढ चढत नाही म्हणून.”

धाकूने नारळ वर धरला. “बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या मालका!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यो तुजा हरिश्चंद्र दरसाल तुज्या पायाशी येतोय!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येच्या गाडीचा बळ कमी झाला असा!”

“व्हय म्हाराजा,” गावकरी म्हणाले. सुहास अर्धं म्हणाले. माझे नुसते ओठ हलले.

“थांब, धाकू,” आई म्हणाल्या.

आमच्या देवळात बायका गाऱ्हाण्यात बोलत नाहीत. धाकूचा हात तसाच वर राहिला. आईंनी पदराखालून चप्पल काढली. देवळात चप्पल, तीही गाभाऱ्यासमोर, आणि कुणालाही त्यांना अडवायचं सुचलं नाही.

“देवाला खोटं कशाला सांगता?” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात मोठा नव्हता. रोज कोथिंबीर निवडताना असतो तेवढाच. “बा देवा, गाडीला काही झालेलं नाही. ह्यांच्या पायाला काही कळत नाही आता. चप्पल पडलेली कळत नाही. ब्रेक कसा कळणार? आज माझी सून चाकाखाली जायची. ह्यांनी आता गाडी चालवायची नाही, एवढंच सांगायचंय. पण आमच्या घरात ते कुणाला बोलवत नाही. मलासुद्धा. म्हणून तुला सांगते.”

हुंकार कुणी देईना. गावकरी खाली बघत होते. सुहास माझ्याकडे बघत होते आणि मी चपलेकडे. उजवी, अंगठ्याशी झिजलेली. धाकूचा वर धरलेला हात आता दुखायला लागला असणार, पण हुंकाराशिवाय त्याला नारळ खाली घेता येत नव्हता.

आप्पांनी एका हाताने खांब धरला. अनवाणी उजवा पाय फरशीवर नीट टेकवला, खाली बघून, तो टेकलाय याची खात्री करून. मग मान वर केली आणि एकट्यानेच, बंदरावर ऐकू जावं एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“व्हय म्हाराजा.”